मागच्या खोलीतल्या आक्का

लहानपणी तापात माझे कान गेले. तेव्हापासून मी ओठ वाचते. आळे गावात शिवणकाम करते, पण गिऱ्हाइकांशी बोलायचं जिवावर येतं. माझा आवाज म्हणे विचित्र निघतो, पोरं हसतात. लोक माझ्याशी ओरडून बोलतात आणि ओरडलं की ओठ वेडेवाकडे होतात, हे काही त्यांच्या डोक्यात शिरत नाही.

माझ्याशी नीट बोलल्या त्या एकट्या आक्का. नव्वद सालानंतर त्या माझ्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायला आल्या. तरुणपणी मूकपटांत राणी व्हायच्या. पुढं बोलपट आले आणि त्यांचं 'व्हतं', 'न्हाई' कुणाला चालेना. पण चेहरा! भाजीत मीठ कमी पडलं तर नुसती भुवई हलायची, की मी उठून बरणी आणायची.

"कॅमेऱ्यापुढं काय बोलायचात?" मी एकदा विचारलं.

"मनाला येईल ते. ऐकणारं कोण व्हतं?"

त्यांचा मुलगा बोरी बुद्रुकला. तो तान्हा असताना त्याला बहिणीकडे ठेवून आक्का सिनेमात गेल्या होत्या. साठी उलटली तरी त्याच्या मनातून ते गेलं नाही. बाजारच्या दिवशी माझ्या दारावरून जायचा, मान फिरवून. एकदा मीच त्याला अडवलं.

"जन्मात कधी हाक मारली न्हाई तिनं मला," तो म्हणाला.

आक्का दाराआडून ऐकत होत्या. त्या दिवशी त्यांचा चेहरा काहीच बोलला नाही.

आक्का गेल्या. त्यानं अग्नी दिला आणि तसाच परत गेला. खोली मी पुन्हा भाड्यानं दिली नाही. फार एकटं वाटायचं मला.

दिवाळीनंतर पुण्याच्या फिल्म संग्रहालयातून एक बाई व्हिडिओ कॅसेट घेऊन आल्या. जुन्या रिळाचा तुकडा सापडला होता, त्यातली नटी आक्काच का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी मुलाला निरोप धाडला. आला, पण उंबऱ्यातच बसला. शेजारी टीव्हीभोवती गोळा झाले.

मुकुट घातलेली राणी खांबाला धरून रडत होती. आक्काच.

"राजा लढाईला निघालाय, त्याला थांबवतेय," पुण्याच्या बाई म्हणाल्या.

छे! ते ओठ राजाशी बोलतच नव्हते. 'पान्हा फुटलाय माझा. पोराला आणा कुणीतरी.' आणि मग एक नाव, पुन्हा पुन्हा. त्या नावाचा माणूस उंबऱ्यात बसला होता.

एवढ्या माणसांत बोलायचं? पण उठले, त्याच्यापुढं उभी राहिले आणि आक्का म्हणाल्या ते सगळं म्हणाले. शेवटी त्याचं नाव घेतलं, मोठ्यानं. कसं निघालं देव जाणे, मला ऐकू आलं नाही. कुणी हसलं मात्र नाही.

तो माझ्याकडे नाही, टीव्हीकडे बघत होता. पांढऱ्या मिशांखाली त्याचे ओठ गोल झाले.

"ओ," तो म्हणाला.