एसी बंद करून दाखवा

शारजात भावाकडे राहायला आलो तेव्हा त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं, इथे पत्रकं काढायची नाहीत. पुण्यात आम्ही ग्राहकांसाठी पत्रकं वाटायचो. खोटी वजनं, भेसळीचं तेल, मीटरशी खेळणारे रिक्षावाले, सगळ्यांची नावं घेऊन. इथे नावं घ्यायची सोय नव्हती. संशय घ्यायची होती, आणि तो मी भरपूर घेत होतो.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. वहिनी मुंबईत एका आर्किटेक्टकडे ड्रॉइंगं करायची. शारजात अल नहदाच्या फ्लॅटमध्ये आल्यापासून ती घरातच होती आणि ते तिला सोसत नव्हतं. आता दुबईतल्या एका ऑफिसनं घरबसल्या काम द्यायचं कबूल केलं होतं. अट एकच, पहिलं ड्रॉइंग वेळेत आलं पाहिजे, नाहीतर खलास. म्हणजे कॉम्प्युटर धड हवा. भाऊ म्हणाला, बर दुबई भागात आपला एक माणूस आहे, रत्नागिरीकडचा, तो असेम्बल करून देईल.

'आपला माणूस' म्हटलं की माझे कान टवकारतात. इतरांच्या दुकानात आपली मंडळी वस्तू चार वेळा उलटीपालटी करून बघतात, आणि कुणी 'या, बसा, चहा घेणार ना' म्हटलं की डोळे मिटून पाकीट काढतात. फसवायला याहून सोपं गिऱ्हाईक कुठलं?

मॉनिटर, कॅबिनेट डोळ्यांना दिसतात. खरी मेख प्रोसेसरची. तो एवढासा चौकोनी तुकडा, फॅनखाली एकदा बसला की कोण बघतंय? त्यावरचा वेगाचा आकडा घासून काढायचा, मोठा छापायचा, बोर्डावरची जोडणी बदलून त्याला ताकदीबाहेर पळवायचं. चालू केल्यावर स्क्रीनवर मोठा आकडा येतोच. मग एखाद्या दिवशी तो तापतो, मशीन हँग होतं आणि केलेलं काम जातं. हे उद्योग चालतात हे बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कुणी नव्हतं.

भाऊ, वहिनी आणि मी, तिघं गेलो. दुकान फ्रीजसारखं गार. चहा आला. दुकानदारानं मोठ्या आकड्याचा प्रोसेसर लहान आकड्याच्या भावात देऊ केला. का, तर आपली माणसं. भावानं दिरहमचे रुपये करून मोठ्यानं सांगितले आणि खूश झाला. मी म्हटलं, फॅन काढून तुकडा दाखवा.

"भाऊ, हे पुण्याचे काय?" दुकानदारानं भावाला विचारलं. भाऊ शरमेनं बुटांकडे बघत राहिला.

तुकडा दाखवला त्यानं. छपाई मला जरा जास्तच कोरी वाटली, पण वाटण्यानं काय सिद्ध होतं? त्यानं फॅन परत बसवला, मशीन चालू केलं, आकडा झळकला. भावानं पाकीट काढलं.

वहिनी तोवर मशीनपाशी आली होती. तिनं भावाला विचारलं, हे घरी ठेवणार कुठे? हॉलमध्ये, तो म्हणाला. आमच्या हॉलचा एसी दिवसा बंद असायचा. आमचाच कशाला, बिल्डिंगमधल्या निम्म्या घरांचा हाच नियम. नवरे ऑफिसच्या गारव्यात आणि बायका दुपारभर भट्टीत. विजेचं बिल वाचवायचं ते असं. वहिनीनं पर्समधून जुन्या ड्रॉइंगची फ्लॉपी काढली.

"हे लावा. आणि एसी बंद करा."

"वहिनी, गिऱ्हाइकं घामानं भिजतील."

"भिजू देत. मी रोज भिजते."

त्याचा हात एसीच्या बटणाकडे गेलाच नाही, मानेवर गेला. मग म्हणाला, खरं सांगू का, तुमच्या कामाला एवढा मोठा लागतच नाही, लहान आकड्याचा घ्या, पेटीबंद आहे. मग मघाशी हा कशाला गळ्यात मारत होतात, असं मी सुरू केलं, तर वहिनीनं मला थांबवलं.

"भावजी, पत्रक नंतर. आधी एसी."

नवी पेटी आमच्यासमोर फोडली, प्रोसेसर बसवला, एसी बंद झाला. वहिनीनं स्वतः ड्रॉइंग उघडलं आणि त्या अख्ख्या इमारतीच्या रेषा पुन्हा पुन्हा काढायला लावल्या. आम्ही चौघं निथळत बसलो. दुकानदार प्राइसलिस्टनं वारा घेत होता. मशीन हँग झालं नाही. मोठ्या आकड्याचा तो तुकडा मात्र त्यानं पुन्हा काचेच्या कपाटात ठेवला, तेही मी पाहिलं.

गाडीत भाऊ म्हणाला, "बघ, आपला माणूस होता म्हणून दुसरा काढून दिला."

कपाटातला तो तुकडा आता कुठल्या तरी दुसऱ्या आपल्या माणसाच्या गळ्यात जाणार होता, आणि त्या माणसाला सांगायला माझ्याकडे कागदाचा एक चिटोराही नव्हता.

वहिनीचं पहिलं काम वेळेत गेलं. पाठोपाठ दुसरं आलं. तरी दुपारी हॉलमधून जाताना मी कॅबिनेटवर तळहात टेकवून बघायचोच. पेटीबंद म्हणाला होता तो, पण पेटी कुणी बंद केली होती, हे मला कुठे माहीत होतं?

"झाला ताप बघून?" वहिनी स्क्रीनवरची नजर न काढता म्हणायची. "मग सरका. उजेड अडतोय."