टब थंड, जमीन गरम

माझं माहेर परळीचं. वडील औष्णिक केंद्रात कामाला होते, त्यामुळं सासरी एखादा बल्ब उडाला तरी सगळे माझ्याकडं बघायचे. "वीज तुमच्याकडंच बनती ना, मग बघ की तूच," असं माझी सासू उठता-बसता म्हणायची. तिला मी आत्या म्हणते. मीही काही कमी नव्हते. टेस्टर हातात आला की मला स्वयंपाकाचं भान राहत नसे. त्यामुळं धाकट्या दिरानं पुण्याहून टेम्पोत घालून गरम पाण्याचा टब आणला, तेव्हा तो चालू करायचं काम कुणाच्या गळ्यात पडलं हे सांगायला नको.

टब म्हणजे अंघोळीचा टब नव्हे. चार माणसं बसतील असा हौदच तो. पोटात हीटर आणि पाणी फिरवणारा पंप, काठाला धरायला स्टीलची दांडी, शेजारी पाणी किती तापलं ते दाखवणारी काच. दीर पुण्यात बंगल्यांमधले पोहण्याचे तलाव साफ करायच्या कामावर होता. एका मालकानं बंगला पाडायला काढला आणि टब असाच देऊन टाकला.

टब आणला तो सासऱ्यांसाठी, म्हणजे मामांसाठी. मामा गावच्या सोसायटीचे चेअरमन. पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण पाय जमिनीवर ठरेना. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, "गरम पाण्यात उभं राहायचा सराव लगेच सुरू करा, पाण्यात अंगाचा भार लागत नाही. उशीर केलात तर पाय आखडेल, मग कायमची बाज." आमचे मामा सोसायटीच्या सभेत कधी बसून बोलले नाहीत. आता ते दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडलेले असत. मला ते बघवत नव्हतं.

साल दुष्काळाचं. टँकर एक दिवसाआड, रानात उसाचं टिपरू नाही, साखर कारखान्याचा भोंगाही त्या वर्षी वाजला नव्हता. आणि आमच्या अंगणात हौद. गल्लीत कुजबुज सुरू झाली की चेअरमनला डुंबायची हौस आलीय. माझं डोकंच फिरलं. मी टँकरच्या रांगेत उभी राहून सांगितलं, "आमच्या बोअरचं खारं पाणी हाय, त्याला म्हैस तोंड लावत न्हाई. ज्याला पाहिजे त्यानं घागर घेऊन यावं." कुणी आलं नाही.

टब भरला, मामांची बाज अंगणात आणली, मी बटण दाबलं. काच उजळली, पंप घुमायला लागला, आत्यांनी हळद-कुंकू वाहिलं. मामांनी बाजेवरूनच पाण्यात हात घातला. तेवढ्यात हीटर लागल्याचा खट् आवाज आला आणि घरातले दिवे पिवळे पडले, पंखा रेंगाळला.

"झिणझिण्या येत्यात," मामा आत्यांना म्हणाले. "तिला म्हणावं, पाण्याला गुण हाय. नस मोकळी होतीया."

आमच्याकडं सासरा सुनेशी थेट बोलत नाही, सासूच्या आडून बोलतो. मी मात्र आडपडदा न ठेवता ओरडले, "हात काढा बाहेर!" आणि धावत जाऊन मेन स्विच पाडला. खाऱ्या पाण्याला असले गुण नसतात. लाकडी बाजेवर होते म्हणून निभावलं.

मग सुरू झाली माझी शोधाशोध. खरं सांगते, मला मजा यायला लागली होती. मामांना लांब ठेवलं, पाण्याला कुणी हात लावायचा नाही अशी तंबी दिली आणि कामाला लागले. दीर फोनवर म्हणाला, "वहिनी, व्होल्टेज कमी असेल, स्टॅबिलायझर लावा." दूध डेअरीतून मागून आणला. तो दोनदा टकटकला आणि गप पडला. मग हीटर उघडला. कॉइलवर क्षाराचा पांढरा थर. सापडला चोर, म्हणत मी तो खरवडून काढला आणि हीटर बसवला. पुन्हा तेच, दिवे पिवळे.

हीटर काढून नुसता पंप चालवला तर सगळं ठीक. म्हणजे जास्त वीज ओढली की कुठंतरी गळपटतंय. मी ओसरीवर एक बल्ब लावला, त्याच्याकडं डोळे लावून बसले आणि ह्यांना म्हटलं, मी सांगेन तसा हीटर चालू-बंद करा. चालू केला, बल्ब मिणमिणला. आणि त्याच क्षणी घरामागं म्हैस हंबरली. बंद केला, म्हैस गप. परत चालू केला, तर ती दावं तोडायला बघतेय.

"आत्या, म्हशीला काय झालं?"

"मला काय ठावं? सकाळधरनं नाचतीया."

मी परसात पळाले. म्हशीच्या खुंट्याजवळ आमची सळई होती. आता ही सळई म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या गल्लीच्या खांबावरची न्यूट्रलची तार, म्हणजे वीज परत जायची वाट, फार पूर्वी जळून गेली होती. ती कुणी जोडलीच नाही. त्याऐवजी प्रत्येक घरानं मागच्या दारी जमिनीत लोखंडी सळई ठोकली आणि परतीची तार तिला बांधली. वीज जमिनीतनंच माघारी जायची. दिवा मंद झाला की बायका सळईच्या बुडाशी भांडी धुतलेलं पाणी ओतायच्या, लगेच दिवा उजळायचा. मी नवी नवरी असताना मला वाटलं होतं, ही इथली कसली तरी पूजा. नंतर मीही ओतायला लागले, आणि सवयीचं झालं की दिसेनासं होतं. दुष्काळात ते पाणीही बंद झालं. जमीन ठणठणीत कोरडी.

हीटर बंद ठेवून मी म्हैस लांब बांधली आणि सळईभोवती बादलीभर खारं पाणी ओतलं. मग चालू करायला सांगितलं. ओसरीवरचा बल्ब लख्ख! टबाची काचही उजळलेलीच राहिली. मी टाळी वाजवली आणि तेवढ्यात सळईच्या बुडातून वाफ यायला लागली, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी. बघता बघता माती सुकली आणि बल्ब पुन्हा पिवळा.

"अहो, टब थंड आणि जमीन गरम," मी हसत सुटले. "आपण रान तापवतोय रान!"

हसू लवकरच विरलं. टबाची संरक्षणाची हिरवी तार ह्यांनी मोठ्या हौसेनं त्याच सळईला बांधली होती. म्हणजे सळईवर तुंबलेली वीज सरळ टबाच्या दांडीत आणि पाण्यात उतरत होती. मामांना त्या दिवशी आत बसवलं असतं तर? मी मेन पाडून आधी ती तार सोडवली.

मामांना सगळं सांगितलं, अर्थात आत्यांना मध्ये घेऊन. त्यांनी गल्लीतल्या कर्त्या माणसांना बोलवायला सांगितलं. माणसं आली, कुरकुरली. "दिवे लागत्यात की चेअरमन, कावून उगा खटाटोप?"

"गल्लीत पयली सळई मी ठोकली," मामा बाजेवरून म्हणाले. "माझं बघून तुमी ठोकली. आता माझंच ऐकून उपटा. माझी म्हैस वाचली, तुमचं लेकरू वाचंलच असं न्हाई."

एकेक माणूस उठला. सोसायटी काढतानाही हीच माणसं मामांच्या शब्दावर अशीच उठली असतील. लाइनमनला आणलं, डीपीपासून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीपासून, न्यूट्रलची नवी तार ओढताना अख्खी गल्ली मदतीला होती. सळया निघाल्या. टबासाठी वेगळा खड्डा खणून कोळसा, मीठ घालून नीट अर्थिंग केलं. टबाच्या पेटीत वीज गळली की ती तोडणारा खटका होता, त्याचं टेस्टचं बटण दाबलं, वीज पटकन तुटली. तो खटका मला इतका गोड वाटला म्हणून सांगू. मग हीटर लावला. दिवे जागचे हलले नाहीत, म्हैस रवंथ करत बसली, आणि काचेवरचे आकडे चढायला लागले. मी प्रत्येक आकडा मोठ्यानं ओरडून सांगत होते. गल्ली अंगणात जमली होती.

ह्यांनी आणि लाइनमननं मामांना उचलून टबाच्या काठावर बसवलं. पाय पाण्यावर आणले आणि मामांनी काठ घट्ट धरला.

"न्हाई. बाजेवर न्या मला."

आत्या विनवायला लागल्या. डॉक्टरांनी काय सांगितलं ते ह्यांनी पुन्हा सांगितलं. मामा मान हलवत राहिले. "त्या दिशी हात घातलता मी," ते हळूच म्हणाले. चेअरमनना भीती वाटतेय हे कुणाच्या गळी उतरत नव्हतं. मला त्यांचा राग आला, कीवही आली. दिवस हातातून चालले होते.

मी चपला काढल्या, निऱ्या खोचल्या आणि नेसत्या साडीनिशी टबात उतरले. "आगं बया, समद्यांसमोर!" आत्या म्हणाल्या. कमरेपर्यंत ऊन पाणी, खाली पंप घुमतोय. मी दोन्ही हातांनी दांडी धरली.

"मामा, हीटर चालूय. बघा माझ्याकडं. काही होत नाही."

डोक्यावरचा पदर कधी पाण्यात पडला मला कळलं नाही. मामा बघत राहिले. माझ्याकडं, दांडीवरच्या माझ्या हातांकडं.

मग आत्यांना मध्ये न घेता ते म्हणाले, "पोरी, सरक जरा. हात दे."

मी हात दिला. त्यांनी मनगट असं आवळलं की हाड दुखलं. एक पाय तळाला लागला, मग दुसरा. त्यांनी डोळे मिटून घेतले. हळूहळू मनगटावरची पकड सैल झाली, म्हणजे भार पायांनी घेतला होता. मी रडत होते आणि त्यांच्या कानाशी ओरडून सांगत होते, "मामा, तुम्ही उभे आहात, तुम्ही उभे आहात."

"कळतंय मला," मामा म्हणाले, आणि माझा हात काही सोडला नाही.