झाकणाच्या आतली तारीख

चाचा मशीनला कधी कान लावत नसत. लेकराला ताप आहे का बघावं तशी ते चटई विणणाऱ्या चालू लूमच्या पत्र्यावर हाताची मागची बाजू टेकवत, डोळे मिटून थोडं थांबत आणि सांगत, "डाव्या अंगाची बेअरिंग आहे. चार दिवस काढेल." पाचव्या दिवशी बेअरिंग जायची. चटयांच्या धंद्यात माझं आयुष्य गेलं, पण तसा हात मला दुसऱ्या कुणाचा दिसला नाही.

त्यांची दुसरी सवय ऑइलपेंटची. मशीनचा कुठलाही भाग बदलला की झाकण उघडून आतल्या बाजूला बारीक ब्रशने त्या दिवसाची तारीख लिहायची आणि मग झाकण लावून म्हणायचं, "बठ्ठं बराबर शे." एरवी माझ्याशी ते मराठी बोलत, पण मशीन दुरुस्त झालं की 'सगळं बरोबर आहे' हे खानदेशीतच यायचं. मी एकदा म्हटलं, चाचा, तारखा वहीत लिहीत जा. ते म्हणाले, "वही तुमच्या कपाटात जाते, शेठ. हे मशीनजवळ राहतं." मला त्यात टोमणा दिसला नाही. कदाचित नव्हताही.

चाचा धुळ्याचे. पॉवरलूमच्या गल्लीत जन्मलेले, उर्दू शाळेत चार-पाच इयत्ता शिकलेले, मराठी अक्षर लावत वाचणारे. मी तेव्हा पाचोरा, अमळनेरच्या बाजारात सायकलवर चटया विकत होतो. दुसऱ्याच्या चटया किती दिवस विकायच्या म्हणून नशिराबादला एक शेड भाड्याने घेतली आणि भंगारात निघालेले दोन लूम आणले. ते चालवून दाखवेल असा माणूस धुळ्यात आहे, असं कुणीतरी सांगितलं. चाचा आले, त्यांनी दोन्ही लूम सुटे करून पोत्यांवर मांडले, आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी पहिली चटई बाहेर पडली. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, ऑइलपेंटचा लहान डबा.

नशिराबादला आम्ही तिघंच होतो, ते, मी आणि माझी बायको. डबा एकत्र खायचो. मला ते 'भाऊ' म्हणायचे. पुढे जळगावच्या एमआयडीसीत स्वतःची शेड झाली, फाटकावर पाटी लागली, माणसं वाढली आणि भाऊचा कधीतरी 'शेठ' झाला. नेमका कधी, ते माझ्या लक्षात आलं नाही.

माझी त्यांच्याबद्दल एक तक्रार आहे, ती आजही आहे. चाचांनी माझ्याशी कधी भाव केला नाही. मी कोथिंबिरीच्या जुडीलाही भाव करणारा माणूस. समोरचा दहा म्हणाला की मी पाच म्हणणार, मग कुठेतरी सातावर दोघंही खूश. चाचांना पहिल्या दिवशी पगार विचारला तर म्हणाले, "चालू तर होऊ द्या, मग बघू." पुढे कधी बघायची वेळच आली नाही. मी सांगायचो आणि ते मान हलवायचे. अशा माणसाशी कसं वागायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

कागदांचंही तसंच. एका छपराखाली माझ्या दोन फर्मा होत्या, एक माझ्या नावाची, एक बायकोच्या. कुणाची नोकरी कागदावर लांबून ग्रॅच्युइटी द्यावी लागू नये म्हणून मी माणसं इकडून तिकडे फिरवायचो. आमच्याकडे सगळेच करतात, असं मी स्वतःला सांगायचो. मोठ्या कारखान्यांना एचआरचा अख्खा मजला असतो. माझा एचआर म्हणजे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेला मी. चाचांसमोर कागद धरला की ते फक्त विचारायचे, "कुठे?" मी बोट ठेवायचो आणि ते उजवीकडून सुरू होणारी उर्दू सही करायचे. अशा सह्यांनी त्यांनी माझ्याकडे तीनदा राजीनामा दिला होता. त्यांना ते माहीतही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे कामावर.

मग कामगारांचे नवे कायदे लागू झाले. पीएफचं काम बघणारा आमचा सल्लागार लॅपटॉप घेऊन आला आणि वाचून दाखवायला लागला. चाळिशीच्या पुढच्या कामगारांची दर वर्षी मोफत तपासणी. प्रत्येकाला नेमणूकपत्र, जुन्यांनासुद्धा. मी त्याच्यावरच चिडलो. मला कुणी दिलं होतं नेमणूकपत्र? सायकलवर चटया बांधल्या तेव्हा कुठला कायदा मागून धक्का द्यायला आला होता? त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तपासणी कधी ठेवू?"

तपासणीत चाचांचा डावा कान पार गेलेला निघाला. लूमच्या खडखडाटात इतकी वर्षं काढली की दुसरं काय होणार. ते कान का लावत नव्हते, हे मला त्या दिवशी कळलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कधीपासून ऐकू येत नाही? चाचा माझ्याकडे बघून म्हणाले, "शेठ ज्या बाजूला उभे राहून ओरडतात, तोच गेला. वरच्याने सोय केली." सगळी शेड हसली. मीही हसलो.

नेमणूकपत्रांचं मात्र हसण्यावारी गेलं नाही. सगळ्यांना आजचीच तारीख टाका, असं मी सल्लागाराला सांगितलं. मागच्या वर्षांचं ओझं नको, सगळी नवी सुरुवात. चहाच्या सुटीत पत्रं वाटली. बाकीच्यांनी सह्या करून पत्रं खिशात घातली. चाचांनी या वेळी "कुठे?" विचारलं नाही. ते ओट्यावर बसले, बोट फिरवत एकेक ओळ वाचली आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"शेठ, यात तारीख चुकली आहे."

मी म्हटलं, सगळ्यांची तीच आहे.

"मी आज लागलो का कामाला?"

सगळे कप हातात धरून बघत होते. यांची तारीख बदलली तर सगळ्यांची बदलावी लागणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. माझा आवाज चढला. चाचांना मी जन्मात अरे-तुरे केलं नव्हतं, ते त्या दिवशी केलं. म्हटलं, "सही करायची तर कर, नाहीतर चालता हो."

त्यांनी मान वळवून उजवा कान माझ्याकडे केला. बहुतेक ऐकू आलं की नाही, याची खात्री करत असावेत. मग म्हणाले, "ठीक आहे, साहेब." साहेब ते मला आधी कधीच म्हणाले नव्हते. त्यांनी हात धुतले, नट खोलायचे पाने पुसून ज्याच्या त्याच्या खिळ्याला लावले आणि धुळ्याची बस पकडायला निघून गेले.

ते कामगार ऑफिसात जाणार अशी माझी खात्री होती. मी तयारीला लागलो. कपाटातून ते तीन राजीनामे काढून फाइलला लावले. वकिलाशी बोलून ठेवलं. भांडायला माणूस मिळणार, याचं मला आतून बरंच वाटत होतं. महिना गेला, दुसरा लागला. नोटीस नाही, फोन नाही. ते काही करतच नव्हते. मला झोंबलं ते हे.

मग जुना लूम बंद पडला, नशिराबादहून आणलेल्या दोनांपैकी एक. नव्या फिटरने झाकण उघडलं आणि मला हाक मारली. आत वरपासून खालपर्यंत तारखांची रांग होती. सगळ्यात वर, पेंट पिवळा पडलेली, त्या आखाजीची तारीख. तो म्हणाला, "शेठ, मशीनचा अख्खा इतिहास आहे की." मशीनचा होताच. माणसाचाही होता. त्या आखाजीला त्या शेडमध्ये दुसरा फिटर नव्हता.

मी सल्लागाराला बोलावून चाचांसाठी वेगळं पत्र काढायला सांगितलं. तो म्हणाला, "फर्मची नोंदणी जळगावला आल्यावरची आहे. तीच तारीख टाकू, सोपं जाईल." त्या तारखेत नशिराबादची दोन वर्षं जात होती. आखाजीची तारीख टाकता येईल का, असं मी विचारलं. तो म्हणाला, तुम्ही मालक आहात, टाकता येईल. मी दोन्ही पत्रं छापून घेतली. एक हातात धरलं, एक आतल्या खिशात ठेवलं. माझी जन्माची सवय आहे ही. आधी कमी सांगायचं, समोरचा अडून बसला की वाढवायचं.

धुळ्याला गल्लीत शिरलो तेव्हा दोन्ही बाजूंनी लूम खडखडत होते. चाचा खाटेवर बसले होते, निम्मे झालेले. दम्याने धरलंय, चाची म्हणाल्या. मला बघून ते उठायला लागले. "या भाऊ," म्हणाले. मी उजव्या बाजूला बसलो, झाल्या प्रकाराबद्दल कसंबसं काही बोललो आणि हातातलं पत्र दिलं. त्यांनी पुन्हा तसंच बोट फिरवत वाचलं. तारखेवर बोट थांबलं.

"भाऊ, नशिराबाद राहिलं यात."

मी म्हटलं, कागदावर तेव्हा कारखानाच नव्हता. हे बोलताना माझा चेहरा सौद्याच्या वेळी असतो तसा झाला असणार, कारण चाचा हसले. खोकला येईपर्यंत हसले.

"इथेही घासाघीस, भाऊ?"

आता ते म्हणतील, नाही, दोन्ही वर्षं पाहिजेत. एक जरी म्हणाले असते तरी मी खिशात हात घातला असता. मी वाट बघत होतो. त्यांनी चाचींकडे पेन मागितलं आणि उजवीकडून सुरू करून सावकाश सही केली. पत्र माझ्या हातात देऊन म्हणाले, "बठ्ठं बराबर शे. चहा टाक ग, भाऊ आलेत."

माझा हात खिशापर्यंत गेला होता. पण सौदा मिटला होता, आणि मिटलेला सौदा आपणहून उघडायची मला सवय नाही. मी चहा घेतला आणि बसने परत आलो. त्यांना जे द्यायचं होतं ते त्या पत्राप्रमाणे दिलं. दीड महिन्याने चाचींचा फोन आला. मी मातीला गेलो. मागे उभा राहिलो.

आता माझ्याकडे नवा माणूस आधी पत्र घेतो, मग मशीनला हात लावतो. जुन्या सगळ्यांच्या खऱ्या तारखा शोधून पत्रं बदलली. सल्लागार म्हणतो, तुमचं कम्प्लायन्स एमआयडीसीत एक नंबर आहे.

परवा आखाजी झाली. मशीनला हार घालायच्या आधी मी झाकण उघडून बघितलं. खिशातलं ते दुसरं पत्र माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. त्यात तारीख बरोबर आहे, नाव बरोबर आहे, खाली माझी सहीसुद्धा आहे. शेजारची जागा तेवढी कोरी आहे. आता तिथे बोट ठेवून "इथे" म्हणायला माझ्यासमोर कुणी नाही.