चपलांखालची बोरमाळ

किनाऱ्यावरची ती चोरी आठवली, की आजही आधी धास्ती वाटते आणि मग हसू येतं.

आमचा लातूर जिल्हा नवा झाला, त्या वर्षीच्या दुष्काळात आठवीतून शाळा सोडलेला मी अहमदपूरहून थेट कोकणात पोलीस शिपाई म्हणून भरती झालो. लिहिण्यात चूक झाली तर घरी पाठवतील, ही भीती कायम.

त्या दुपारी आमच्याच भागातली एक म्हातारी कुटुंबासह चौकीत आली. समुद्र बघायला आलेली. सोन्याची बोरमाळ गेली होती. घोडागाडीवाल्यानं खबर दिली, "शहाळीवाली यांच्या चपला हाताळत होती."

हवालदारांनी शहाळीवालीला बोलावलं.

"चपलांना हात लावलास?"

"लावला."

"लिही रे, कबूल!"

बाई हादरली. "साहेब, माळ मी पाहिलीसुद्धा नाही. चोर ठरले तर किनाऱ्यावर मला कोण उभं करील?"

माझं पेन अडलं. म्हातारीला विचारलं, "आजे, माळ ठेवली कुठं?"

"चपलांखाली, वाळूत. आपल्या मन्याडीत ठेवतोत तशी. कोण नेतंय?"

खरं होतं. कोरड्या नदीत पाण्यासाठी झिरा खोदून धुणं करताना माझी आईही दागिना असाच ठेवायची. मी शहाळीवालीकडे वळलो.

"मावशी, चपला उचलल्या कुठून?"

"पाण्यातून! भरतीनं हलायला लागल्या, म्हणून वर सुरूखाली नेऊन ठेवल्या."

घरच्यांनी उकरली होती ती सुरूखालची वाळू; चपला मुळात होत्या ती जागा आता पाण्याखाली होती.

म्हातारी समुद्राकडे बघतच राहिली. "पाणी वर येतंय? आमच्याकडं तर खालीखालीच जायलंय!"

हवालदारसुद्धा हसले. ओहोटी लागेपर्यंत सगळे किनाऱ्यावर बसलो. शहाळीवालीनं होडीच्या खुंट्याजवळची जागा दाखवली. झिरे खोदलेले माझे हात. कोपरभर खोलीवर माळ लागली.

"माय, तू चपला वाचवल्यास अन् मी तुला चोर समजले," म्हातारीनं तिचे हात धरले.

हवालदारांनी 'कबूल' खोडलं आणि शहाळीवालीचा पुरा जबाब मलाच लिहायला लावला. चुका शेजारी बसून दुरुस्त केल्या. ते उपकार विसरलो नाही. कबुली मिळाली तरी आणखी एक प्रश्न विचारायचा, हे फौजदार होऊन निवृत्त होईपर्यंत पाळलं.

दुसऱ्या दिवशी गस्तीला निघालो, तर शहाळीवाली आपल्या जागेवर उभी. लांबूनच ओरडली, "शिपाईदादा, भरती आली, बूट सांभाळा!"