अठरा तारखेच्या आत

बँकेनं कर्ज नाकारलं तेव्हा मास्तरीणबाईला आधी हसूच आलं. तिला वाटलं, टेबलापलीकडच्या मुलीनं चुकून भलत्याच कुणाची फाइल उघडलीय.

"अगं, नीट बघ," ती म्हणाली. "अकरा वर्षं कार्ड वापरतेय. एक दिवस उशीर नाही. एक दिवस!"

"उशीर नाहीच आहे, मॅडम," मुलगी म्हणाली. "पण कार्ड दर महिन्याला गळ्यापर्यंत भरलेलं दिसतंय."

"दिसतंय म्हणजे? सात तारखेला पै न् पै भरते मी."

"सातला भरता हो. पण बिल अठराला निघतं. त्या दिवशी कार्डावर जेवढा बोजा असेल तेवढाच पत मोजणाऱ्यांकडे कळवला जातो. तुमच्या अठराला कार्डावर दीड लाख, पावणेदोन लाख. कार्ड आहे दोन लाखांचं. बघणाऱ्याला वाटणार, ही बाई उधारीवरच जगते."

मास्तरीणबाईचं हसू तिथंच वाळलं. कारण तारखांच्या बाबतीत कुणी तिला शिकवावं, असं आजवर घडलंच नव्हतं.

आता ही मास्तरीण कोण, ते सांगते. शाळेतली नव्हे हं, गाडी शिकवणारी. छोटी पांढरी गाडी, टपावर लाल पाटी, आणि शेजारच्या सीटच्या पायाशी दुसरा ब्रेक. एकवीस वर्षांत तिनं हजारभर माणसं रस्त्यावर सोडली. त्यातली निम्मी सोडायला नको होती असं ती स्वतःच म्हणायची, आणि चौकात हॉर्न वाजला की "माझाच कुणीतरी असेल" म्हणून मान खाली घालायची. नवरा चार वर्षांपूर्वी गेला, मूलबाळ नाही. ती, गाडी आणि दोन खोल्या.

त्या गाडीला या महिनाअखेर पंधरा वर्षं पुरी होत होती. पंधरा वर्षांच्या गाडीवर शिकवायला परवानगी नाही, नियम म्हणजे नियम. म्हणून तिनं शोरूममधली नवी गाडी अडवून ठेवली होती, साठवलेलं सगळं आगाऊ भरून. उरलेल्याचं कर्ज. महिनाअखेरीस कर्ज झालं नाही तर गाडी दुसऱ्याला जाणार. मग अकरा शिष्य अर्ध्यावर, कुणी पहिल्या गिअरात, कुणी दुसऱ्या, आणि बाई घरी भिंतीकडे बघत.

पण गावात तिचा लौकिक गाडीपेक्षा तारखांचा जास्त. फोन यायचा, "वहिनी, फ्रीज घ्यायचाय."

"आज काय तारीख?"

"सतरा."

"मग हात बांधून बस. एकोणीसला जा."

गणित साधं होतं. तिच्या कार्डाचं बिल अठराला निघायचं, भरायची शेवटची तारीख पुढची सात. सतराला घेतलं तर त्याच बिलात, म्हणजे वीस-एकवीस दिवसांत पैसे काढा. एकोणीसला घेतलं तर पुढच्या बिलात, एकोणपन्नास दिवस निवांत. "दोन दिवस दम धरा, महिना फुकट मिळतो," हे तिचं बोधवाक्य. समोरच्याकडे कार्ड नसलं तर ती स्वतःचं द्यायची. सगळे तिच्या कार्डावर घ्यायचे आणि सहा तारखेला पैसे तिच्या हातात ठेवायचे. सहालाच हं. कुणी चारला आणून दिले तर ती त्याची टर उडवायची. "पैसे चावतात का घरात? बँकेनं दिलेले दिवस बँकेला परत करणारा माणूस म्हणजे हॉटेलात जेवून वर भांडी घासून देणारा!"

यातून तिला काय मिळायचं? पॉइंट. अकरा वर्षांच्या पॉइंटांतून एक छत्री आणि एक हवा भरायची उशी आली, आणि उशीला पहिल्याच रात्री भोक पडलं. पण नवरा गेल्यावर सासरची माणसं हळूहळू पांगतात, तशी हिची पांगली नाहीत. फोन येत राहिले. बहुतेक सतरा ते एकवीसच्या मध्ये यायचे, ही गोष्ट वेगळी. तिनं ती कधी मोजली नव्हती.

"आता काय करू?" तिनं मुलीला विचारलं.

"अठराला बिल निघताना कार्डावर साठ हजारांच्या वर ठेवू नका. पैसे जमा व्हायला दोन दिवस धरा, म्हणजे सोळापर्यंत भरा. पंचविसाच्या सुमाराला आपण अर्ज परत टाकू."

त्या दिवशी दहा तारीख होती. मास्तरीणबाईनं गाडीत बसून पावतीच्या मागे हिशोब मांडला. नणंदेचं कपडे धुवायचं मशीन, पंचेचाळीस हजार. दिराच्या छपाईच्या दुकानातलं प्रिंटिंग मशीन, सत्तर. वरच्या मजल्यावरच्या हेडमास्तरांची पाठदुखीवरची गादी, बावीस. तिचं स्वतःचं पेट्रोल-किराणा, तेरा. झाले दीड लाख. आणि हे सगळे पैसे येणार पुढच्या महिन्याच्या सहाला, कारण तसं तिनंच सांगितलं होतं.

म्हणजे जी माणसं तिनं स्वतः शिकवून तयार केली, त्यांच्याच दारात जाऊन म्हणायचं, शिकवलेलं विसरा. पैसे त्यांनी द्यायचे होते, तरी आपणच उधार मागायला निघाल्यासारखं तिला वाटलं. दोन दिवस तिनं ते पुढे ढकललं. शिष्यांवर ओरडली. एका बिचाऱ्या कारकुनाला तर तिनं सरळ रस्त्यावर तीनदा ब्रेक लावून उभं केलं, समोर चिटपाखरू नसताना.

बाराला ती हेडमास्तरांकडे चढली. ते गादीवर आडवे होते, छातीवर वर्तमानपत्र.

"सर, ते गादीचे पैसे... या वेळी जरा लवकर मिळाले तर..."

"कपाटात पाकीट आहे, घ्या," ते उठायच्या आधीच म्हणाले. "गादी आली त्या दिवशीच काढून ठेवलेत. तुम्ही रागवाल म्हणून दिले नाहीत."

तिनं पाकीट घेतलं. जाताना ते म्हणाले, "बाई, काही अडचण नाही ना?"

"छे हो. कसली अडचण?"

"नाही, तुम्ही तारखेआधी मागितलेत म्हणून विचारलं. एवढंच."

जिन्यात तिला उगाच भरून आलं. चार पायऱ्या उतरेपर्यंतच, मग ती सावरली.

तेराला नणंद. हिला घरात छकुली म्हणतात. वय सत्तेचाळीस, दोन मुलं कॉलेजात, तरी छकुलीच. तिनं दार उघडलं, पैशांचं ऐकलं आणि कमरेवर हात ठेवले.

"वहिनी, तू बरी आहेस ना? ताप बिप?"

"कर्जासाठी हवेत गं. कार्ड रिकामं दाखवायचंय अठराला."

"म्हणजे आता आधी द्यायचे? गेल्या वर्षी मी चारला आणले तर मला काय म्हणालीस, आठवतं? भांडी घासणारी म्हणालीस! माझ्या सासूसमोर!"

"म्हणाले असेन."

"असेन नाही, म्हणालीस. सासू अजून काढते." तरी छकुली आत गेली, नवऱ्याला फोन लावला, आणि पंचेचाळीस पाठवले. पाठवून झाल्यावर आवाज खाली आणून म्हणाली, "खरं सांग, कुठं अडकलीयस का? कुणाला दिलेस का पैसे? मी कुणाला सांगणार नाही."

छकुलीनं कुणाला सांगितलं नाही, म्हणजे फक्त बहिणीला, जावेला आणि भावाला सांगितलं. संध्याकाळपर्यंत वहिनी बुडाली ही बातमी सगळ्या घरांत जेवायला बसली होती. एका चुलतसासूबाईंनी तर फोन करून विचारलं, "घर तरी आहे ना गं नावावर?"

राहिले दीर. पंचेचाळीस आणि बावीस गेले, तिनं स्वतःचे तेरा भरले. उरले सत्तर. साठच्या आत यायला दहाच हजार कमी पडत होते. तिच्याकडे ते नव्हते. जे होतं ते शोरूममध्ये जाऊन बसलं होतं.

पंधराला, दोन धड्यांच्या मध्ये, तिनं गाडी दिराच्या दुकानासमोर लावली. आत शाईचा वास, कागदांचे गठ्ठे, आणि मधोमध ते नवं मशीन, एखाद्या जावयासारखं ऐटीत. दोन गिऱ्हाइकं उभी होती.

"या या वहिनी!" दीर म्हणाले. "ऐकलं मी. काय हो हे?"

"भावजी, दहा हजार द्या फक्त. बाकीचे सहालाच द्या."

"कुठून देऊ? तुम्हीच म्हणालात ना, पैसे घरात झोपवू नका, पंचेचाळीस दिवसांची ठेव करा. केली. आता मोडली तर व्याज गेलं."

"किती जाईल? दोनशे?"

"दोनशे म्हणजे पैसे नाहीत का?" ते गिऱ्हाइकांकडे वळले. "ही आमची वहिनी. हिनंच शिकवलं, तारखेआधी पैसे देणारा गाढव. आता म्हणते, गाढव व्हा!" गिऱ्हाइकं हसली. दीरही हसले. ते वाईट नव्हते हो. त्यांना एवढंच वाटत होतं की ही दर वेळी जिंकते, आज जरा मजा घ्यावी.

मास्तरीणबाईही हसली असती. एरवी पहिली तीच हसायची. पण तिला दिसत होती महिनाअखेर, आणि लाल पाटी उतरवलेली गाडी.

"बरं," ती म्हणाली. "मग हे मशीन परत देते."

"काय?"

"बिल माझ्या नावावर, कार्ड माझं. महिन्याच्या आत परत घेतात, बिलावर छापलंय. उद्या माणसं पाठवते उचलायला. पैसे कार्डावर परत आले की माझं काम झालं."

आता खरी गोम ऐका. मशीन परत दिलं असतं तरी ते पैसे कार्डावर यायला आठ-दहा दिवस लागले असते. म्हणजे अठरा उलटून. मास्तरीणबाईचा त्यात काडीचा फायदा नव्हता, आणि हे तिला पक्कं माहीत होतं. दिरांना नव्हतं. कारण अकरा वर्षं त्यांच्या तारखा हीच सांभाळत आली होती. त्यांना फक्त फोन करायचा ठाऊक होता.

दिरांनी मशीनकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग खिशातून फोन काढला आणि तिथंच उभ्या उभ्या पैसे पाठवले. दहा नव्हे, सत्तर. ठेव मोडायला त्यांच्या बँकेत जावं लागतं. म्हणजे ठेवबिव काही नव्हती, पैसे खात्यातच लोळत होते.

"झालं?" ते म्हणाले.

"भावजी, दहाच हवे होते..."

"नको. संपवा एकदाचं." आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, "हां, बोला साहेब, किती प्रती?"

ती गाडीत येऊन बसली. शिष्य येऊन थांबला होता. किल्ली दुसऱ्या खेपेला लागली, आणि शिष्यानं सौजन्यानं ते न पाहिल्यासारखं केलं.

अठराला बिल निघालं ते शून्याचं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. पंचविसाला अर्ज गेला, अठ्ठाविसाला कर्ज झालं. बँकेतली मुलगी खुशीनं म्हणाली, "बघा, किती सोपं होतं!" आणि मास्तरीणबाई म्हणाली, "हो गं, सोप्पं." नवी गाडी आली, लाल पाटी चढली, अकराच्या अकरा शिष्य टिकले. त्यातला कारकून तर आता तिसऱ्या गिअरापर्यंत पोचलाय, देव त्याच्या पुढच्यांचं रक्षण करो.

दोन महिन्यांनी छकुली एकदा नव्या गाडीत बसायला आली. खिडकी खाली केली, वर केली, सीट मागे सरकवली, आणि म्हणाली, "तुला कळलं का? दादानं स्वतःचं कार्ड काढलं."

"असं?"

"हो ना. आणि कागद कापायचं मशीन घेतलं. बिल निघतं बाराला, आणि यानं घेतलं अकराला! वीस दिवसांत पैसे काढावे लागले. नुसता चडफडतोय." छकुली पोट धरून हसली.

मास्तरीणबाईला आधी हसू फुटलं, खूप फुटलं. एक दिवस! एका दिवसासाठी महिना घालवला बावळटानं! मग तिनं विचारलं, "मला फोन का नाही केला?"

छकुली खिडकीच्या बटणाशी खेळत राहिली. "करणार होता. मग म्हणाला, जाऊ दे, वहिनींना कशाला त्रास."

"त्रास कसला त्यात?"

"मला काय विचारतेस? तूच विचार त्याला."

छकुलीला घरी सोडल्यावर तिनं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला नाही. रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून तिनं संदेश लिहायला घेतला, दोनदा खोडला, आणि शेवटी एवढंच पाठवलं: "भावजी, बारा तारीख अडचणीची असेल तर बँकेला फोन करून बिलाची तारीख बदलून मागता येते. दुकानाचे पैसे कधी येतात ते बघून त्याच्या अलीकडची घ्या. काही लागलं तर सांगा."

अर्ध्या तासानं उत्तर आलं. नुसता अंगठा. एक पिवळा अंगठा, उभा.

त्यात तिनं किती वेळ काय काय शोधलं, ते विचारू नका. पुढचा शिष्य येऊन काचेवर टकटक करत होता, तेव्हा कुठं तिनं फोन खाली ठेवला.