आबांच्या छातीतली मशीन चालूच होती

थांबा, हे आत्ताच सांगायला पायजे, पोटात राहीना झालंय!

सत्त्याण्णव साल, आमचं सांगवीचं घर. आबा, म्हंजे माझे आजोबा, त्यांच्या छातीत कातडीखाली पुण्याच्या डॉक्टरांनी पेसमेकर बसवलेला. चपटी डबीच ती. हृदय ठोका चुकलं की ही ठोका द्यायची. डॉक्टर तवाच म्हणले होते, विजेच्या मोटारीला चिकटून उभं राहू नका.

आन आबा गेले ते विहिरीवर, मोटारीपाशीच!

झालं काय, लाईट आली तशी काकी म्हणली, "आबा, तेवढी मोटार सुरू करता का?" थोड्या वेळानं तीच बघायला गेली तर आबा खाली पडलेले. तिनं नाकाशी हात धरला आन वरडली, "आबा गेले!"

वालचंदनगरहून आत्या आली ती थेट काकीवरच. "मोटारीपाशी धाडलंस? मशीन बंद पाडलीस माझ्या बापाची!"

करंटचा संशय म्हणून बारामतीला पोस्टमार्टेम झालं. डॉक्टरांनी मशीन काढून घेतली. आत्या म्हणली, "त्यांची हाय, त्यांच्यासंगं जाऊ द्या." डॉक्टर म्हणले, "बाई, चितेत फुटते ती. आणि बंद पडली होती का, ते तपासायचंय." मशीन पुण्याला गेली.

निकाल येईस्तवर काकीच्या हातचा चहा घरात कुणी घेतला न्हाय. ती ठेवायची, वर साय धरायची, तीच उचलून न्यायची.

निकाल ऐकायला वडलांबरोबर बारामतीला मीपण गेले. डॉक्टर म्हणले, "मशीन ठणठणीत आहे. करंटची खूण कुठंच नाही. हृदयाची नळी बंद झाली होती, मशीननं ठोका दिला तरी हृदय उचललं नाही."

जीपमधनं उतरले ती पळतच सुटले. "काकी! मशीन चालूच हुती! तुमचं काय चुकलं न्हाय!"

आत्या उठून उभी. "चालू हुती? मंग ही 'गेले' कशी म्हणली? जित्या माणसाला फाडाया दिलं व्हय आमी?"

"अगं आत्या, मोटार जळल्यावर स्टार्टर कितीबी दाब, फिरंल का?"

"माझा बाप मोटार हाय व्हय गं!"

वडलांनी परत सगळं समजावलं. तवा आत्या परत खाली बसली. पण काकीनं मला चुलीपाशी वढलं. "खरंच गेले हुते ना गं? माझा हात वला हुता, श्वास कळला नसंल तर?"

दुसऱ्या दिवशी आमी दोघी यस्टीनं बारामतीला. डॉक्टर म्हणले, "गेलेच होते, ताई. मी स्वतः तपासलंय." तिनं मान हलवली. स्टँडवर आल्यावर म्हणली, "परत इचारून येऊ का?"

अजूनबी, वरकुट्याला माहेरी गेली तरी तिथनं येणाऱ्याजवळ मला हाच निरोप. डॉक्टर भेटले का? काय म्हणले?

तुमच्यात कुणाला मशीन बसवलेली का? ते गेल्यावर तुमच्या घरात पण कुणी असंच इचारत बसलंय का? सांगा ना, काकीला काय सांगू?