इंजिनाला हार

मुलुंडला मी ज्यांच्याकडे ड्रायव्हर होतो, त्या साहेबांचं एक ठाम मत होतं : ट्रॅक्टरवर शिकलेल्या माणसाचा रेसवरचा पाय जड असतो. मी उमरग्याकडचा, शाळा सातवीत सोडलेली, आणि शिकलो ट्रॅक्टरवरच. त्यामुळे ठेवून घेतानाच ते म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू. पाय हलका झाला तर राहा, नाहीतर गावाकडची गाडी पकड." माझ्या आधीच्या ड्रायव्हरला पायावरूनच काढलं होतं.

नोकरीबरोबर जिन्याखालची खोली मिळाली होती. खोली म्हणजे पाण्याचा पंप आणि मी. पण पाय पसरून झोपता येत होतं, साहेबांच्या घरून वहिनी दोन्ही वेळचं ताट पाठवायच्या, आणि त्या अख्ख्या शहरात मला ओळखणारं दुसरं कुणी नव्हतं. मी दिवाळीची वाट बघत नव्हतो, दिवाळीला घाबरत होतो. सातवीच्या निकालालाही इतका घाबरलो नव्हतो.

अशात खंडेनवमी आली. इमारतीतले बाकीचे लोक गाडीच्या बंपरला हार घालायचे. साहेबांना ते उथळ वाटायचं. "काम कोण करतं? इंजिन. मग मान कुणाचा?" त्यांनी मला बॉनेट उघडायला लावलं, इंजिनाला हळदकुंकू वाहिलं आणि झेंडूचा जाडजूड हार आडवा बांधला. एक टोक कुठल्याशा नळीला, दुसरं हाताशी आली त्या सळीला. गाठ अशी करकचून मारली, जसं काही इंजिन पळूनच जाणार होतं. मी शेजारी हात जोडून उभा. देवा, पाय हलका कर.

मग चाकांखाली लिंबं ठेवली. मी गाडी सुरू केली तर ती एकदम बोंबललीच. क्लच सोडला, लिंबं चिरडली, आणि गाडी थेट कुंपणाशी जाऊन थांबली.

"पाय!" साहेब ओरडले. "काय नांगरट करतोयस काय?"

"मी रेस दिलीच नाही की साहेब."

"मग काय देवीने दिली?"

दुसऱ्या दिवशी आग्रा रोडच्या सिग्नलला तोच प्रकार. गाडी न्यूट्रलमध्ये उभी, आणि इंजिन घाट चढत असल्यासारखं गुरगुरतंय. शेजारचा रिक्षावाला म्हणाला, "क्या भाई, उडायचंय का?" मागून साहेब, "पाय काढ! पाय काढ रे!" मी घाबरून हँडब्रेक ओढला, दोन्ही पाय उचलले आणि सीटवर मांडी घालून बसलो. गाडी तशीच ओरडत होती. साहेबांनी वाकून माझी मांडी नीट बघितली.  मग म्हणाले, "उद्यापासून चप्पल काढून चालवायची."

गॅरेजवाले सगळे चोर, हे साहेबांचं दुसरं ठाम मत. त्यामुळे गाडीचा दवाखाना इमारतीच्या आवारातच भरला. रोज सकाळी बॉनेट उघडायचं. पहिल्या मजल्यावरचे बँकेतले काका हातात चहाचा कप घेऊन उतरायचे. साहेबांचा भाचा त्यांच्याकडेच राहून पवईला इंजिनिअरिंग शिकत होता. तो कुठूनतरी हवा शिरतेय असं म्हणायचा. कुठून, ते अजून शिकवलं नव्हतं. उपाय मात्र प्रत्येकाचा एकच. कार्बोरेटरवर एक स्क्रू असतो, तो मागे फिरवला की इंजिन थंडावतं म्हणे. पण स्क्रूवर हार आडवा.

"काढू नका हं," साहेब म्हणायचे, "पूजेचा आहे. कोजागिरी झाल्यावर निर्माल्यात जाईल."

मग काका कप खाली ठेवून हार दोन बोटांनी अलगद बाजूला सारायचे, ती बोटं कपाळाला लावायचे, स्क्रू मागे फिरवायचे आणि हार पुन्हा जागच्या जागी सरळ करायचे. गाडी ओरडतच राहायची. मग भाचा हार सारायचा, पाया पडायचा, स्क्रू फिरवायचा. मग साहेब. एकदा मलाही बोलावलं. मीही तेच केलं, आणि सगळ्यांपेक्षा जास्त वाकून पाया पडलो. झेंडू वाळून काळा पडला तरी स्क्रूची पूजा चालूच.

"इतकं करूनही फरक नाही," काका माझ्याकडे बघत म्हणाले, "म्हणजे सवयच जड आहे."

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी मंडळी अशीच इंजिनाभोवती कान देऊन उभी होती. वहिनी पिशवी घेऊन खाली आल्या. दाराचं तोरण, शिलाई मशीनचा हार सगळं पिशवीत भरलेलं होतं. "अहो, सरका जरा," म्हणाल्या, आणि दोऱ्याला एक हिसडा दिला. सळीवरची गाठ तुटली. सळी टकदिशी मागे गेली. इंजिन एकदा खोकलं आणि बंद पडलं.

आवारात इतकी शांतता पसरली की जिन्याखालचा माझा पंप ऐकू आला.

"अगं, काय केलंस? बंद पाडलीस ना गाडी!"

"ओरडत होती ना? आता गप्प बसली," म्हणत वहिनी पिशवीसकट निघूनही गेल्या.

ती सळी रेसची होती. साहेबांच्या गाठीने ती आठवडाभर ओढून धरली होती, आणि स्क्रू सगळ्यांनी मिळून इतका मागे नेला होता की आता इंजिनाला श्वासही मिळेना. भाचा वही आणायला वर गेला. काकांचा चहा गार झाला होता. साहेबांनी स्क्रू हळूहळू पुढे घेतला, मी चावी मारत राहिलो. शेवटी गाडी घुमत्या भोवऱ्यासारखी मऊ आवाजात चालू राहिली.

गाठीचं नाव कुणी काढलं नाही. मी तर नाहीच नाही.

दिवाळीला साहेबांनी मला नवा शर्ट दिला, डोक्यावर हात ठेवला. "पाय सुधारला बरं का तुझा. सांगितलं की ऐकतोस, हा गुण आहे. राहा आता." माझ्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. मी म्हटलं, "तुमचीच कृपा, साहेब." खोटं नव्हतं ते, त्या रात्री पंपाच्या शेजारी मी महिन्याभरात पहिल्यांदा गाढ झोपलो.

त्यांची गाडी मी पुढे कित्येक वर्षं चालवली. दर खंडेनवमीला साहेब इंजिनाचीच पूजा करायचे, फक्त वहिनी आता फुलं दोऱ्यात ओवून देत नसत, सुटीच द्यायच्या. मी अनवाणीच गाडी चालवायचो. चप्पल घाल असं कुणी पुन्हा सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.